काडतुसाची केस पायाशीच पडतेय, स्प्रिंग बदलू का?

प्रश्न : नमस्कार सर. मी परळच्या रेल्वे वर्कशॉपमधून फिटर म्हणून रिटायर झालो, आता मुलुंडला असतो. मुलगा अमेरिकेत अ‍ॅरिझोनाला आहे, तिथलाच नागरिक झालाय आणि क्लबात शूटिंग करतो. त्याच्याकडे .45 ची 1911 आहे. काडतुसं स्वतः भरतो, हलकी, 185 ग्रेनची (ग्रेन हे वजनाचं माप) बुलेट, क्रोनोग्राफवर 720 फूट प्रति सेकंद येतात म्हणाला. दुकानातली काडतुसं घातली की पिस्तूल मस्त चालतं, स्वतःची घातली की रिकामी केस, म्हणजे काडतुसाचं पितळी नळकांडं, पायाशी पडते, नाहीतर स्लाइडमधे (पिस्तुलाचा मागेपुढे सरकणारा वरचा भाग) उभी अडकते. तो म्हणतो पावडर जरा वाढवतो, मी म्हणतो स्लाइडला परत पुढे नेणारी रिकॉइल स्प्रिंग बदल. दोन रविवार व्हिडिओ कॉलवर हाच वाद चाललाय. कोण बरोबर?
(एक वाचक, मुलुंड)

उत्तर : काका, तुम्ही बरोबर. पण आधी त्याला एक विचारा, त्याचा लोड, म्हणजे काडतुसात भरलेली पावडर, काडतुसं भरायच्या मॅन्युअलमधे दिलेल्या सर्वात कमी आकड्याच्या खाली तर गेलेला नाही ना? गेला असेल तर स्प्रिंगचं नंतर बघू, आधी त्या आकड्यावर परत यायचं, कारण .45 ची केस मोठी, त्यात पावडर चिमूटभर, अशात एखादी बुलेट बॅरलमधेच अडकून बसू शकते आणि तिच्यामागे दुसरी मारली की बॅरल गेली, हातही जाऊ शकतो. आवाज नेहमीसारखा न येता नुसता 'फुस्स' आला की तिथेच थांबायचं, मॅगझिन काढायचं, चेंबर (बॅरलमधली काडतूस बसायची जागा) रिकामं करायचं आणि बॅरलमधून आरपार उजेड दिसतोय का ते बघायचं. हे त्याला माझ्या नावाने सांगा.

लोड मॅन्युअलमधे बसत असेल आणि कागदावर गोळ्यांचा ग्रुप चांगला, एका जागी येत असेल तर पावडरला अजिबात हात लावू नका. लोड टार्गेटसाठी ठरवायचा आणि स्प्रिंग लोडसाठी. स्प्रिंगचं पोट भरायला पावडर वाढवली की ज्या हलकेपणासाठी एवढा खटाटोप केला तोच गेला.

आता का ते सांगतो, तुम्ही फिटर आहात, तुम्हाला लगेच कळेल. बुलेट बॅरलच्या बाहेर पडेपर्यंत स्लाइड जेमतेम तीनेक मिलिमीटर मागे आलेली असते. त्यानंतर तिला मागून कोणी ढकलत नाही, मिळालेल्या धक्क्यावरच ती मागे जाते आणि त्या धक्क्यातच तिला हॅमर (घोडा) कॉक करायचा असतो, स्प्रिंग दाबायची असते, केस खेचून बाहेर फेकायची असते, वर मॅगझिनमधल्या काडतुसाला घासत जायचं ते वेगळंच. हा धक्का मोजायचा सोपा हिशोब म्हणजे बुलेटचे ग्रेन गुणिले वेग भागिले 1000. दुकानातली 230 ग्रेनची 830 ने जाते, म्हणजे 191 च्या आसपास. मुलाची 185 गुणिले 720, म्हणजे 133. सत्तर टक्के. ऐकायला फार कमी वाटत नाही, पण स्लाइडचा वेग सत्तर टक्के झाला की तिच्यातली ऊर्जा वर्गाने कमी होते, म्हणजे जवळजवळ निम्मी. फुल लोडला सगळी कामं करून जी ऊर्जा उरते ती स्लाइड फ्रेमवर आपटण्यात जाते. हलक्या लोडला उरत काहीच नाही, उलट कमी पडते, म्हणून स्लाइड पूर्ण मागे न जाता अर्ध्यातून परत फिरते आणि केस इजेक्टरवर (तिला बाहेर उडवणारा खिळा) जोरात आदळतच नाही.

पाच इंची 1911 ला कंपनीची स्प्रिंग 16 पाउंडची असते. हा आकडा स्लाइड पूर्ण मागे असतानाच्या जोराचा, म्हणजे सव्वासात किलो. मुलाच्या लोडला बहुतेक 11 ते 13 च्या मधे कुठेतरी जमेल. स्लाइडवर रेड डॉट (लाल ठिपक्याने नेम धरायचं साधन) बसवलेला असेल तर वजन वाढलेलं असतं, मग आणखी एखादा पाउंड खाली. पण नेमका आकडा मी मुंबईत बसून सांगणार नाही, तो त्याच्या पिस्तुलातूनच काढावा लागतो.

काढायचा कसा? मॅगझिनमधे एकच काडतूस घालायचं आणि मारायचं. स्लाइड मागे अडकून राहिली पाहिजे. असं दहा वेळा करायचं, दहाच्या दहा वेळा अडकली तर स्लाइडला तेवढा स्ट्रोक, म्हणजे मागे जायचं अंतर, मिळतोय. आठ वेळा अडकली म्हणजे 'चालतंय' असं नाही, ते नापासच. मग केस कुठे पडतात ते बघायचं, तीन ते सहा फुटांवर एका जागी पडत असतील तर उत्तम, पायाशी पडल्या तर स्प्रिंग अजून जड आहे, पार पलीकडच्या लेनला गेल्या तर हलकी. हे झालं की भरलेलं मॅगझिन, दोन्ही हातांनी, मग एका हाताने, मग मुद्दाम जरा सैल मनगटाने. एकावेळी एकच गोष्ट बदलायची आणि दोन पाउंडांच्या पायरीने उतरायचं.

ही घाई मी स्वतः केलेली आहे म्हणून सांगतोय. ह्यूस्टनला नोकरीला होतो तेव्हा रविवारी किचनच्या टेबलावर टॉवेल पसरून बसायचो, स्प्रिंगांच्या टोकाला बायकोच्या नेलपॉलिशचा ठिपका, लाल म्हणजे 16, गुलाबी 12, पांढरा 9. केसेस पायाशी पडतायत बघून मी 16 वरून थेट 9 वर उडी मारली. केसेस सुरेख उडायला लागल्या आणि मी खूश. तिसऱ्या मॅगझिनला स्लाइड पुढे आली आणि बंद व्हायच्या दोन मिलिमीटर आधीच थांबली. सेमी-वॉडकटर (चपट्या टोकाच्या, खांदा असलेल्या) बुलेटचा खांदा चेंबरच्या तोंडाशी टेकला होता आणि स्प्रिंगमधे त्याला आत ढकलायचा दम नव्हता. अंगठ्याने मागून नुसतं टेकवलं तर 'टक्' करून बसली. म्हणजे स्प्रिंगचं खरं काम स्लाइडला मागे अडवणं नाहीच, पुढे नेऊन नवीन काडतूस बसवणं हे आहे. त्या पिस्तुलाला शेवटी गुलाबीच लागली.

स्प्रिंग मागवायच्या आधी बाकीचं तपासायला सांगा. मॅगझिनची स्प्रिंग थकलेली असेल तरी स्लाइड मागे अडकत नाही आणि दोष उगाच रिकॉइल स्प्रिंगवर जातो. एक्स्ट्रॅक्टरची (केस चेंबरमधून ओढणारा आकडा) पकड सैल असेल तरी केस वाट्टेल तिथे पडते. हॅमरची स्प्रिंग मूळ 23 पाउंडची असते, तीही स्लाइडला सुरुवातीलाच अडवते, काही जण ती 19 ची टाकतात, पण मग प्रायमर (काडतुसाच्या बुडातली ठिणगी देणारी टिकली) दर वेळी फुटतोय ना हे बघावं लागतं, म्हणून ते सगळ्यात शेवटी. फ्रेम वाचवायला मधे घालतात तो प्लॅस्टिकचा बफर असेल तर काढून टाका, तो स्ट्रोकच खातो आणि हलक्या लोडला त्याची गरजही नाही.

दोन गोष्टी मात्र कडक पाळायच्या. 12 ची स्प्रिंग आत असताना दुकानातली फुल लोडची काडतुसं मारायची नाहीत, स्लाइड फ्रेमवर घणासारखी बसते. पिस्तुलाच्या डब्यावर चिठ्ठी चिकटवा, आत कुठली स्प्रिंग आहे त्याची. आणि 1911 खोलताना पुढचं टोपण अंगठ्याने दाबून धरायचं, डोळ्यावर चष्मा हवाच, ते सुटलं तर तोंडावरच येतं.

प्रश्न : सर, मी दादरला राहतो, 25 मीटर सेंटर फायर मारतो, .32 चं पिस्तूल क्लबचं आहे. नवीन लॉटची काडतुसं आल्यापासून रॅपिडमधे, म्हणजे टार्गेट तीनच सेकंद समोर असतं त्या फेरीत, केस अडकतात, तेवढ्यात काही सुचत नाही. स्प्रिंगची दोन वेटोळी कापली तर चालेल का?

उत्तर : नको, कापू नकोस. वेटोळी कापली की स्प्रिंग आखूड होते आणि कडकही होते, म्हणजे सुरुवातीचा दाब फारच कमी होतो, शेवटचा जोर मात्र तेवढा कमी होत नाही, तुला हवं त्याच्या उलटं. शिवाय पिस्तूल तुझं नाही.

वरच्या काकांच्या 1911 मधे आणि तुझ्या .32 मधे मोठा फरक आहे. त्यात बॅरल आणि स्लाइड एकमेकांत लॉक होऊन मागे येतात. .32 ची बरीचशी टार्गेट पिस्तुलं ब्लोबॅकवर चालतात, म्हणजे गोळी उडते त्या क्षणी केसला मागून धरून ठेवायला बोल्टचं वजन आणि स्प्रिंग एवढंच असतं. तिथे स्प्रिंग मनाने हलकी केली तर केस लवकर मागे येते आणि तिची भिंत फाटू शकते. ही पिस्तुलं 98-100 ग्रेनच्या वॉडकटरवर (चपट्या तोंडाची शिशाची बुलेट), कंपनीने ठरवलेल्या वेगावर जुळवलेली असतात, म्हणून कंपनी देईल तीच स्प्रिंग.

आधी चेंबर साफ कर. वॉडकटरच्या शिशाची आणि वंगणाची काळी कड चेंबरच्या पुढच्या टोकाला साचते, टॉर्च मारून बघ, दिसेल. मग जुन्या लॉटची पाच आणि नव्याची पाच, एकाच दिवशी, एकाच मॅगझिनमधून मार. जुनी नीट चालली तर दोष काडतुसात आहे, क्लबला लॉट नंबरसकट लिहून दे. जुनीही अडकली तर स्प्रिंग थकली आहे, नवीन मागवायला सांग. आणि काडतुसं घरी भरायचा विचार मनात आणू नकोस, शस्त्र कायदा 1959 प्रमाणे परवान्याशिवाय दारूगोळा बनवणं गुन्हा आहे.

प्रश्न : मी ठाण्याची, .22 स्पोर्ट पिस्तूल मारते. पावसाळ्यात स्प्रिंगवर तांबूस ठिपके आलेत. बदलू का? आणि एरवी किती गोळ्यांनी बदलायची?

उत्तर : ठिपका बोटाने पुसून गेला तर तेलाचा हात फिरव आणि वापर. नखाला खड्डा लागला तर बदल, स्प्रिंग अशा खड्ड्यातूनच तुटते. जून ते सप्टेंबर रेंजवरून आलीस की पिस्तूल बॅगेत तसंच ठेवू नकोस, लोकलमधल्या दमट हवेतून आलेलं असतं, खोलून कोरडं कर आणि पिस्तुलाच्या पेटीत सिलिका जेलची पुडी टाक, पेटीतला फोम पाणी धरून ठेवतो.

.22 ला गोळ्यांचा आकडा मी धरत नाही, लांबी धरतो. नवीन स्प्रिंग आणलीस की पहिल्या शे-दोनशे गोळ्यांत ती थोडी बसते, ते नॉर्मल आहे, त्यानंतर स्टीलच्या पट्टीवर मोजून डायरीत लिही. दर दोन महिन्यांनी परत मोज. लांबी तीच असेल तर स्प्रिंग ठणठणीत आहे, आणखी कमी व्हायला लागली की नवीन मागव, जुनी मोडायची वाट बघू नकोस. .45 वाले साधारण तीन हजार गोळ्यांना बदलतात, पण त्यांचा मार वेगळा. नवीन स्प्रिंग आली की जुनीच्या शेजारी टेबलावर उभी करून बघ, दोन-तीन वेटोळ्यांइतका फरक नुसत्या डोळ्यांना दिसला तर बदलायला उशीर झाला होता असं समज.