न सांगता जाऊ नकोस

प्रिय मुला,

अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज मिळाला. महिनाअखेरीला खोली सोडतोयस, त्या रविवारी रात्री संगमवाडीहून ट्रॅव्हल्सने जिंतूरला निघणार आणि ‘आधी कुणाला सांगत नाही, पोचल्यावर ग्रुपवर टाकीन’ असं लिहिलं आहेस. घरी जाऊन भावाबरोबर दुकान आणि शेती बघायची, हे तू पूर्ण विचार करून ठरवलंस हे मला माहीत आहे. तू ज्यासाठी पुण्यात राहिलास त्या राज्यसेवा परीक्षेला खुल्या गटासाठी वयाची अट 38 वर्षांची आहे. म्हणजे सदाशिव पेठेत तुला ‘आता पुरे’ असं बाहेरून कुणीच सांगितलं नसतं. ते तू स्वतःला सांगितलंस, त्याला मोठं धैर्य लागतं. मला बोलायचंय ते फक्त न सांगता जाण्याबद्दल.

का सांगायचं नाहीये ते मी समजू शकते. परीक्षा देऊनही पोस्ट निघालेली नाही, म्हणजे निवड झालेली नाही. सांगितलं की कुणीतरी ‘अजून एक अटेम्प्ट दे ना’ म्हणणार, कुणी गप्प होणार, कुणी डोळ्यांत पाणी आणणार, आणि हे सगळं त्या आठवड्यात तुला झेपणार नाही असं वाटतंय. पण मी या पेठेत मुलांना भूगोल शिकवते आणि मागे राहिलेल्यांचं काय होतं ते जवळून बघत आले आहे. अभ्यासिकेतली खुर्ची एका सकाळी रिकामी दिसते. डेस्कवरचं वेळापत्रक, भिंतीला चिकटवलेला महाराष्ट्राचा नकाशा गेलेला असतो. चार दिवसांत तिथे नवा मुलगा येऊन बसतो. शेजारच्याला मात्र कळत नाही की आपलं काही चुकलं का, त्या दिवशी चहाला गेलो नाही म्हणून राग आला का, की आपण इतके जवळचे नव्हतोच. तो अभ्यास करत राहतो आणि हा प्रश्न त्याच्यासोबत बसून राहतो.

मार्च 2020 मध्ये पेठेतल्या मुलांवर ही वेळ बळजबरीने आली. दोन-तीन दिवसांत खोल्या ओस पडल्या. ट्रंका, पुस्तकं, मेसची ताटं जिथल्या तिथे. एप्रिलमधली राज्यसेवेची पूर्वपरीक्षा पुढे गेली, मग पुन्हा पुढे गेली. शेवटी 14 मार्च 2021 ची तारीखही तीन दिवस आधी रद्द झाली, तेव्हा मुलं निषेधासाठी शास्त्री रोडवर उतरली. तोवर कितीतरी जण गावीच राहिले होते, ते परत आलेच नाहीत. त्यांच्यातल्या काही जणांशी मी अजून बोलते. परीक्षेबद्दल त्यांना आता फारसं काही वाटत नाही. रूम पार्टनरला नीट भेटता आलं नाही, याची मात्र त्यांना अजून खंत आहे. त्यांच्याकडे वेळच नव्हता. तुझ्याकडे दोन आठवडे आहेत.

सगळ्यांत आधी रूम पार्टनरला सांग, आजच सांग. यात भावनेआधी व्यवहार आहे. तू गेलास की तुझ्या कॉटचं भाडं त्याच्या डोक्यावर येतं, नवा पार्टनर शोधायला त्याला वेळ हवा. मालकाकडच्या डिपॉझिटमधला तुझा वाटा कसा आणि कधी मिळणार, हेही दोघांनी समोरासमोर बसून ठरवा. पैशाचं अर्धवट राहिलं की मैत्रीतलं बोलणं तिथेच अडकतं. महिन्यांनी फोन करावासा वाटला तरी ‘तो पैशासाठी केला असं वाटेल’ म्हणून हात मागे येतो. मेसवाल्या काकूंचे, झेरॉक्सवाल्याचे, चहाच्या टपरीवरचे पैसेही फेडून टाक. काकूंना तर दोन मिनिटं थांबून सांग. आजारपणात तुझ्यासाठी मऊ भात वेगळा ठेवणाऱ्या त्या होत्या.

सगळ्यांना एकत्र बोलावून पार्टी करायची असेल तर कर, पण तिला निरोप समजू नकोस. आठ जण जमले की चेष्टा होते, फोटो होतात, आणि ज्याच्याशी बोलायचं असतं तो टेबलाच्या दुसऱ्या टोकाला बसलेला असतो. तुझे खरे जवळचे तिघेच आहेत. तिघांना वेगवेगळं भेट, आणि जिथे तुमची मैत्री झाली तिथेच भेट. एकाबरोबर तू पहाटे पर्वती चढायचास, तर त्याच्याबरोबर पुन्हा एकदा चढ. ज्या मैत्रिणीबरोबर टेस्ट सिरीजचे पेपर तपासत बसायचास, तिच्याबरोबर त्याच कट्ट्यावर तासभर बस.

तिसरी भेट सगळ्यांत अवघड आहे. ज्याची यंदा पोस्ट निघाली त्याला भेटायचं तू टाळतोयस, हे तू लिहिलं नाहीस तरी मला दिसतंय. त्याचीही तीच अवस्था आहे. तुझ्यासमोर आनंद दाखवावा तर तुला लागेल, लपवावा तर खोटं वाटेल, म्हणून तो सत्काराच्या धावपळीत दडून बसलाय. पुढाकार तू घे. त्याच्याकडे जा, त्याचं अभिनंदन कर आणि त्याला ट्रेनिंगबद्दल विचार. तुझ्या दुकानाबद्दलही मोकळेपणाने सांग. ते सांगताना आवाज बारीक करू नकोस. एकाच मेसच्या डब्यावर तुम्ही दिवस काढलेत. निकालाच्या यादीने तुम्हाला दोन बाजूंना उभं केलं, तरी ती यादी तुमच्या मैत्रीची नव्हती.

काय बोलायचं सुचत नाही असं होईल. ‘तू माझ्यासाठी खूप केलंस’ हे वाक्य सगळेच बोलतात आणि ऐकणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. नेमकं सांग. एकाला म्हण, ‘मला डेंग्यू झाला होता तेव्हा तू रात्रभर दवाखान्यात बसलास आणि घरी कळू दिलं नाहीस.’ दुसऱ्याला म्हण, ‘मुख्य परीक्षेचा निकाल लागला त्या संध्याकाळी तू एक शब्द न बोलता माझ्याबरोबर झेड ब्रिजवर उभा राहिलास.’ हे तुझ्या लक्षात आहे, हे त्यांना कळू दे. आपलं वागणं दुसऱ्याच्या मनात इतकी वर्षं राहिलं, हे फार थोड्यांना त्यांच्या हयातीत ऐकायला मिळतं. आणि एखाद्याशी भांडण मिटायचं राहिलं असेल तर तेही याच भेटीत काढ. फोनवर ते जमत नाही.

नोट्सचं बघ. 2025 पासून राज्यसेवेची मुख्य परीक्षा वर्णनात्मक झाली, त्यामुळे वस्तुनिष्ठ प्रश्नांची तुझी बरीच पुस्तकं आता कुणाला फारशी कामाची नाहीत. ती अप्पा बळवंत चौकातल्या जुन्या पुस्तकवाल्यांना देऊन ये. पण हाताने काढलेले नदीखोऱ्यांचे नकाशे रद्दीत घालू नकोस. ते त्या मैत्रिणीला दे, ती अजून परीक्षा देते आहे. मी वर्गात बरेच नकाशे बघितलेत, तुझे खरंच चांगले आहेत.

जाताना ‘रोज फोन करू’ असं वचन कुणाला देऊ नकोस. जूनमध्ये पेरणी आली की दुकानात तुला श्वास घ्यायला वेळ मिळणार नाही. मग पाळलं न गेलेलं वचन दोघांनाही टोचत राहतं. ब्रिटनमध्ये रॉबिन डनबार आणि सॅम रॉबर्ट्स या संशोधकांनी शाळा संपवून पुढे गेलेल्या मुलामुलींच्या मैत्रीचा दीड वर्ष मागोवा घेतला. मुलींची मैत्री बोलण्याने टिकत होती. मुलांची मात्र नुसत्या बोलण्याने टिकत नव्हती, त्यांना एकत्र काहीतरी करावं लागत होतं. माझ्या डोळ्यांसमोरून गेलेल्या मुलांकडे पाहून मला हे पटतं. म्हणून त्या मैत्रिणीशी महिन्यातून एकदा निवांत बोल. त्या दोघांबरोबर मात्र एखादं काम ठरव, ज्याची तारीख दरवर्षी आपोआप येते. माउलींची पालखी पुण्यात मुक्काम करून निघते, त्या दिवशी तिघांनी दिवे घाट चढून सासवडपर्यंत चाला. कुणाला साहेबाकडून रजा मिळणार नाही, कुणाच्या घरी काम निघेल, तर त्या वर्षी दोघंच चालतील. तारीख पंचांगात असते, ‘कधी भेटायचं’ हे कुणाला विचारावं लागत नाही.

व्हॉट्सॲप ग्रुपमधूनही इतक्यात बाहेर पडू नकोस. जाहिराती आणि उत्तरतालिका बघवत नसतील तर म्यूट कर. ‘लेफ्ट’ असं दिसलं की लोक नको ते अर्थ लावतात.

रविवारी संगमवाडीला कुणी सोडायला येतो म्हणाला तर ‘कशाला त्रास’ म्हणू नकोस, येऊ दे. ट्रंक जड आहे, आणि त्यांनाही काहीतरी उचलायला हवं आहे.

शनिवारी दुपारी मी घरीच आहे. जेवायलाच ये. नकाशांची वही देण्याआधी मला एकदा बघायची आहे, ती सोबत आण.

तुझी,
मॅडम