वाचकांचे प्रश्न: डच सरकारने सोडलेली दोरी

प्रश्न: डच नियोजन, म्हणजे नेदरलँड्समध्ये कोणत्या जागेवर काय उभारायचं हे ठरवणं, म्हणजे साठ वर्षं एकाच दिशेने चाललेलं धोरण, असं आम्हाला शिकवतात. ते खरं आहे का? (आर्किटेक्चरची विद्यार्थिनी, दादर)

उत्तर: नाही, दिशा बऱ्याचदा बदलली. १९६६च्या दुसऱ्या राष्ट्रीय नियोजन अहवालाने २००० सालची लोकसंख्या २ कोटी धरली होती. प्रत्यक्षात ती १ कोटी ६० लाखांच्या आतच राहिली. एवढी माणसं मोठ्या शहरांभोवती पसरली तर मधला शेतीचा पट्टा, म्हणजे ग्रीन हार्ट, गिळला जाईल ही भीती होती. म्हणून वाढ झूटरमीर, न्यूवेगाइन, अल्मेरे अशा ठिकाणी वळवली. आपल्याकडे सिडकोने नवी मुंबई हाती घेतली, तो हाच काळ. घरं झाली, पण नोकऱ्या तितक्या वेगाने तिथे पोचल्या नाहीत. रोजची ये-जा वाढली. ॲमस्टरडॅमची लोकसंख्या १९५९ ते १९८५ मध्ये जवळपास २ लाखांनी घटली. तेव्हा धोरण फिरलं आणि घरं शहराला लागूनच बांधायचं ठरलं. १९८८च्या चौथ्या अहवालात स्किपोल विमानतळ आणि रॉटरडॅम बंदराला अग्रक्रम मिळाला. १९९१च्या त्याच्या जोडअहवालाने, म्हणजे 'विनेक्स'ने, शहरांच्या कडेला मोठ्या वसाहती आखल्या. उट्रेख्तची लाइड्से राइन ही त्यातली एक.

विनेक्समध्ये एक चूक मुळातच होती. वसाहती कुठे होणार हे आधीच जाहीर झाल्यामुळे बिल्डरांनी त्या जमिनी घेऊन ठेवल्या. डच पालिका पूर्वी जमीन स्वतः विकत घेऊन, रस्ते-गटारं टाकून प्लॉट विकत आणि खर्च त्यातून काढत. आता जमीनमालक 'बांधकाम आम्हीच करू' म्हणू लागले आणि पालिकांचा वचक कमी झाला.

प्रश्न: तिथल्या सरकारने नियोजनातून अंग काढून घेतलं होतं, असं वाचलं. का? (वाचक, मुलुंड)

उत्तर: हो. २०१०मध्ये गृहनिर्माण आणि नियोजनाचं स्वतंत्र मंत्रालय बंद झालं. २०१२च्या धोरणात केंद्राने स्वतःकडे राष्ट्रीय हिताचे फक्त १३ विषय ठेवले. ग्रीन हार्टसारख्या भूदृश्यांचं रक्षण प्रांतांवर सोडलं. स्थानिक प्रश्न स्थानिकांनीच सोडवावेत हा विचार होता, आणि तो चुकीचा नव्हता. पण घरं, शेती, वीज, नायट्रोजन प्रदूषण, पाणी हे सगळे जमिनीच्या एकाच तुकड्यावर हक्क सांगू लागले की निवाडा करायला कोणीतरी वर लागतं. २०२०च्या राष्ट्रीय धोरणाने केंद्र परतलं, २०२२मध्ये या खात्याला पुन्हा मंत्री मिळाला आणि २०३०पर्यंत ९ लाख घरांचं उद्दिष्ट ठरलं. १ जानेवारी २०२४पासून २६ कायद्यांची जागा एका पर्यावरण व नियोजन कायद्याने घेतली. आमच्या मते दोरी सोडणं सोपं गेलं, धरायला मात्र दहा वर्षं लागली. तोवर पालिकांमधली अनुभवी माणसं आणि जमिनी दोन्ही हातच्या गेल्या होत्या.

प्रश्न: 'पाणी आणि माती ठरवतील' म्हणजे नक्की काय? कुर्ल्यात मिठीकाठी राहणाऱ्याला त्याचा उपयोग काय? (वाचक, कुर्ला)

उत्तर: नोव्हेंबर २०२२मध्ये डच सरकारने हे सूत्र मांडलं: जागा निवडताना आधी सखलपणा, मातीचं खचणं आणि पुराचं पाणी पाहायचं, मग घरं. याचा नमुना नायमेखन या डच शहरात दिसतो. १९९५च्या पुराच्या वेळी सुमारे अडीच लाख लोकांना हलवावं लागलं होतं. त्यानंतर वाल नदीचा लेंट इथला बांध सुमारे ३५० मीटर मागे सरकवला आणि मोकळ्या जागेत जोडप्रवाह, म्हणजे नदीला समांतर दुसरा प्रवाह, खोदला. पुराची पातळी साधारण ३५ सेंटिमीटरने उतरली. पण त्यासाठी सुमारे ५० घरं पाडावी लागली, हे कोणी लपवलं नाही.

मिठीकाठी तुम्हाला करता येण्याजोगं एवढं आहे: सिटी सर्व्हे नंबर घेऊन महापालिकेकडे विकास आराखडा २०३४चा डीपी रिमार्क, म्हणजे आराखड्यात तुमच्या जागेबद्दल काय आहे याचा लेखी अभिप्राय, मागा. त्यात झोन, आरक्षण आणि रस्ता रुंदीकरण दिसेल; इमारत किती पाण्यात जाते हे कळेलच असं नाही. म्हणून पुनर्विकासाचा प्रस्ताव आला, तर पर्जन्य जलवाहिन्या विभागाचा अभिप्राय आधी मागा, आणि नाल्याची आखणी व जोत्याची पातळी नकाशावर लिहून घ्या. बोलण्यावर विसंबू नका.