पाठ दुखते म्हणून पलंग सोडून चटईवर झोपायचं असेल तर कोणती चटई घ्यावी? पूर्वी लोक नुसत्या चटईवर कसे झोपायचे?

दुसऱ्या प्रश्नापासून सुरू करतो. नुसत्या चटईवर रात्र काढायची पद्धत निदान आमच्या इंदूरच्या मराठी घरांत नव्हती. खाली चटई, तिच्यावर सतरंजी, वर गोधडी किंवा कापसाची पातळ गादी. फरशीची ओल आणि गारठा वर येऊ द्यायचा नाही, एवढंच चटईचं काम. दुपारची वामकुक्षी मात्र नुसत्या चटईवर, तीही उन्हाळ्यात, कारण तेव्हा कोट्याच्या फरशीचा गारवा हवाच असतो.

सकाळी वळकटी कोपऱ्यात उभी केली की त्याच खोलीत पानं मांडली जायची, नंतर तिथेच मुलांचा अभ्यास. दोन खोल्यांत आठ माणसं राहायची ती अशी.

आमच्याकडे चटई म्हणजे खजुरीची. खजुरी म्हणजे आपली रानटी शिंदी, जिच्या पानांचे झाडूही होतात. आधी पानांच्या लांब, अरुंद पट्ट्या विणतात आणि मग त्या कडेला कड लावून शिवतात. घेताना ही शिवण ताणून बघा, कारण पट्टीच्या आधी शिवणच उसवते. नवी चटई टोचते, वापरून वापरून मऊ पडते.

अंगाखाली काही न घालता झोपायचं असेल तर तमिळनाडूतल्या पत्तमडईची कोरई गवताची चटई किंवा बंगालची मादूर बघा. उभ्या सुती धाग्यांत गवताच्या काड्या आडव्या भरून विणलेली असल्यामुळे ती बरीच गुळगुळीत असते. बांगलादेशातल्या सिल्हेटची शीतलपाटी याहून सरस. मुर्ता नावाच्या झुडपाच्या सालीच्या पट्ट्यांची ही वीण २०१७ मध्ये युनेस्कोच्या सांस्कृतिक वारशाच्या यादीत गेली.

इंदूरच्या उन्हाळ्यात दिवसा पारा चाळिशीपार जातो, पण रात्री वारा सुटतो. 'शब-ए-मालवा', म्हणजे माळव्याची रात्र, हे कौतुक उगाच नाही. संध्याकाळी गच्चीवर पाणी मारायचं, फरशी वाळली की मुलांनी धावत जाऊन वाऱ्याच्या बाजूला चटया टाकून जागा धरायच्या. यावरून झालेली भांडणं आमच्या वाड्यात थेट आजोबांपर्यंत जायची. पहाटे मात्र तीच मुलं गोधडी ओढत असायची.

चटईचं इतकं गोड वर्णन करताना एक सांगायला हवं. घरातल्या बायकांना त्या चार दिवसांत वेगळी चटई देऊन बाजूला बसवत, आणि ती चटई एरवी कोणी वापरत नसे. आमच्याकडून ती प्रथा गेली ते उत्तम झालं.

आता तुमची पाठ. चटईने दुखणं बरं होतं असं मी म्हणणार नाही, ते डॉक्टरांना विचारा. गुडघे कुरकुरत असतील तर जमिनीवरून उठणंच जड जातं. आधी घरातलीच पातळ गादी चटईवर टाकून झोपून बघा. चटई रोज गुंडाळून उभी ठेवा, अंथरलेलीच राहिली तर पावसाळ्यात खालून बुरशी धरते. अधूनमधून झटकून सावलीत वाळवा, कडक उन्हात पान कडकडीत होऊन तुटतं.

प्लास्टिकच्या चटईला नाव ठेवणार नाही, पावसाळ्यात आमच्याकडेही तीच असते. फक्त मे महिन्यात तिच्यावर उघड्या अंगाने झोपू नका, घामाने पाठ चिकटते.