वडिलांचा पीएसए 7.8 आलाय, म्हणजे प्रोस्टेटचा कॅन्सर आहे का?

पीएसए म्हणजे प्रोस्टेट ग्रंथीत तयार होणारं, रक्तात मोजलं जाणारं प्रथिन. नुसत्या या आकड्यावरून तसं म्हणता येत नाही. तुम्ही लिहिलंय की वय 66, लघवी अडकली म्हणून नळी घातली आणि दुसऱ्याच दिवशी पीएसए केला. तिथेच गोची आहे. लघवी तुंबली, नळी घातली किंवा जंतुसंसर्ग असला, की पीएसए वाढतोच. नळी निघून युरीन कल्चर (लघवीतल्या जंतूंची तपासणी) साफ आल्यावर सहा ते आठ आठवडे जाऊ द्या आणि त्याच लॅबमध्ये पुन्हा करा. आधीचे दोन दिवस वीर्यपतन आणि सायकल टाळायची.

गोळ्यांची पट्टीही बघा. लघवीचा मार्ग सैल करणाऱ्या टॅम्सुलोसिनने काही फरक पडत नाही. पण सोबत प्रोस्टेट आकसवणारं ड्युटास्टेराइड किंवा फिनास्टेराइड असेल तर सहा महिन्यांत पीएसए जवळपास निम्म्यावर येतो, म्हणून आलेला आकडा दुप्पट धरायचा. ‘लघवीची गोळी चालू आहे’ एवढंच डॉक्टरांना सांगितलं की हे हमखास सुटतं.

सोनोग्राफीत प्रोस्टेट 62 ग्रॅम आहे. 7.8 भागिले 62 म्हणजे साधारण 0.13. हा भागाकार 0.15 च्या वर गेला की संशय वाढतो. 4 ते 10 पीएसए असलेल्यांत कॅन्सर निघतो तो ढोबळमानाने चारात एकाला.

आता किती आढळतो ते. जगात 2022 मध्ये साडेचौदा लाखांहून जास्त नवे रुग्ण, पुरुषांत फुफ्फुसाच्या खालोखाल. भारतात वर्षाला सुमारे 38 हजार. पन्नाशीच्या आत क्वचित. वडील किंवा भावाला असेल तर धोका साधारण दुप्पट, त्यामुळे वडिलांचं काय निघतं ते तुमच्यासाठीही महत्त्वाचं.

दरम्यान यूरोलॉजिस्टकडून गुदद्वारातून बोटाने तपासणी करून घ्याच. लाजेपायी ती टाळली जाते, पण कडक गाठ बोटाला लागते आणि ती लागली तर पीएसए कितीही असो, पुढची तपासणी करावीच लागते. हाडं सतत दुखत असतील किंवा पायांतली ताकद कमी वाटत असेल तर सहा आठवड्यांची वाट बघायची नाही, लगेच दाखवायचं.

पुन्हा केलेला पीएसएही चढाच राहिला तर आधी एमआरआय, मग बायोप्सी. उलटा क्रम नको, कारण बायोप्सीतला रक्तस्राव एमआरआयमध्ये काही आठवडे घोळ घालतो. एमआरआयमध्ये पायरॅड्स (कॅन्सरचा संशय किती, याचा 1 ते 5 असा गुण) 4 किंवा 5 आला तर त्या जागेचे नेमके तुकडे घेतात, शिवाय इतर भागांतून साधारण 12. गुदद्वारातून घेण्यापेक्षा वृषण आणि गुदद्वार यांमधल्या त्वचेतून सुई घातली तर जंतुसंसर्ग कमी; तशी सोय आहे का विचारा. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आधीच सांगा, मनाने बंद करू नका. नंतर वीर्यात काही आठवडे रक्त दिसणं चालतं. थंडी वाजून ताप आला तर त्याच रात्री हॉस्पिटल गाठायचं.

कॅन्सर निघालाच तर रिपोर्टमध्ये ग्लीसन स्कोअर शोधा, म्हणजे कॅन्सर किती आक्रमक आहे हे सांगणारा आकडा. 3+3=6 असेल तर बहुतेकदा लगेच ऑपरेशन लागत नाही, ठरावीक काळाने पीएसए आणि एमआरआय करत लक्ष ठेवतात. 4+3 किंवा त्याहून वरचा असेल, तर पसरलाय का हे बघायला बोन स्कॅन किंवा पीएसएमए पेट स्कॅन (प्रोस्टेट कॅन्सरच्या पेशी शरीरभर शोधणारा स्कॅन) सांगतात.