लॅपटॉप चार्ज होत नाही आणि सुरूही होत नाही : बोर्ड बदलण्याआधी काय तपासावे?

आपण दिलेली माहिती थोडक्यात अशी आहे: लॅपटॉप चार वर्षांचा असून तो रात्री चार्जिंगला लावलेला असताना वीज गेली, पहाटे परत आली आणि तेव्हापासून पॉवर बटण दाबले तरी काहीच होत नाही, चार्जिंगचा दिवाही लागत नाही. एका दुकानात तो न उघडताच ‘बोर्ड गेला’, म्हणजे आतला मुख्य सर्किट बोर्ड (मदरबोर्ड) निकामी झाला, असे सांगण्यात आले आणि आता बोर्ड बदलावा की नवा लॅपटॉप घ्यावा, असा आपला प्रश्न आहे. मी सोलापुरातच लॅपटॉपदुरुस्तीचे काम करतो आणि या टप्प्यावर यांपैकी काहीच करू नये, असे माझे मत आहे. भिंतीतल्या सॉकेटपासून बोर्डापर्यंत वीज नेमकी कोठे अडते, हे आधी ठरवावे लागते आणि ती तपासणी बरीचशी आपण घरी, एकही स्क्रू न काढता करू शकता.

वीज गेल्या-आल्यावर लॅपटॉप बंद पडला असेल तर माझा पहिला संशय अडॅप्टरवर असतो. अडॅप्टरवर १०० ते २४० व्होल्ट असे छापलेले असते, म्हणजे संध्याकाळी विजेचा दाब (व्होल्टेज) बराच उतरला तरी त्यामुळे तो सहसा जळत नाही. धोका उलट बाजूने असतो. वीज परत येताना क्षणभर दाब उसळू शकतो आणि खांबावरचा किंवा मीटरपेटीतला न्यूट्रल (विजेच्या परतीची तार) सुटला, तर घरात २३० ऐवजी, अगदी वाईट स्थितीत, ४०० व्होल्टच्या आसपास दाब येऊ शकतो. शहराच्या पूर्व भागात घर आणि यंत्रमाग एकाच छपराखाली, थ्री-फेज जोडणीवर चालतात. तेथून असे जळालेले अडॅप्टर माझ्याकडे अधिक येतात. हा फटका अडॅप्टर स्वतःवर घेतो, त्याच्या आतला फ्यूज उडतो आणि पुढचा लॅपटॉप बहुतेक वेळा वाचतो. त्या रात्री आपल्या घरातला एखादा एलईडी बल्ब, मोबाइलचा चार्जर किंवा सेट-टॉप बॉक्सही बंद पडला असेल, तर हा संशय बळकट धरावा.

सॉकेट आणि वायर तपासायला दोन मिनिटे पुरतात. एक्स्टेन्शन बोर्ड बाजूला ठेवून अडॅप्टर थेट भिंतीत लावा, त्याच सॉकेटवर दुसरे एखादे उपकरण चालते का ते पाहा आणि भिंतीपासून अडॅप्टरपर्यंतची सुटी वायर बदलून पाहा. ही वायर अडॅप्टरच्या खाचेत सैल बसण्याचा प्रकार फार वेळा आढळतो.

यानंतरचे निरीक्षण सर्वांत महत्त्वाचे आहे. अडॅप्टर लॅपटॉपला न जोडता केवळ भिंतीत लावा आणि त्याच्यावरचा दिवा पाहा. दिवा लागलाच नाही, तर दोष बहुधा अडॅप्टरमध्येच आहे. त्याच वॉटचा दुसरा चांगला अडॅप्टर मिळवून लॅपटॉप चालवून पाहावा. दिवा लागला, पण पिन लॅपटॉपमध्ये घालताच तो विझला किंवा लुकलुकू लागला, तर लॅपटॉपच्या आत कोठेतरी शॉर्ट आहे आणि अडॅप्टरने स्वतःला वाचवण्यासाठी पुरवठा तोडला आहे, असा त्याचा अर्थ होतो. अशा वेळी पुन्हा पुन्हा पिन घालून पाहू नये. दिवा स्थिर राहिला आणि तरी लॅपटॉप निपचित राहिला, तर शॉर्टची शक्यता कमी होते आणि लक्ष जॅक (लॅपटॉपमधली पिन बसण्याची खाच), बॅटरी व बोर्डावर वीज प्रथम पोहोचते त्या भागाकडे वळवावे लागते. ज्या दुकानदाराने आपल्याला या दिव्याविषयी विचारलेच नाही, त्याचे निदान अंदाजावर बेतलेले आहे, असे मी स्पष्टपणे म्हणेन.

अडॅप्टरला मुळात दिवाच बसवलेला नसेल, तर मल्टिमीटर (व्होल्ट मोजण्याचा मीटर) लागतो. गल्लीतल्या कोणत्याही इलेक्ट्रिशियनकडे तो असतो. बहुतेक अडॅप्टर १९, १९.५ किंवा २० व्होल्टचे असतात. मीटर डीसी २०० व्होल्टच्या घरावर (रेंजवर) ठेवावा, कारण २० च्या घरावर साधा मीटर पूर्ण २० व्होल्ट दाखवू शकत नाही. गोल पिनच्या आतल्या पृष्ठभागावर लाल आणि बाहेरच्या पृष्ठभागावर काळी काडी टेकवावी, दोन्ही काड्या एकमेकींना लागू देऊ नयेत. लेबलवरच्या आकड्याच्या जवळपास, फार तर अर्धा-एक व्होल्ट इकडेतिकडे, वाचन मिळाले पाहिजे. अर्थात मीटरवर १९.५ दिसले म्हणजे अडॅप्टर निर्दोष ठरला असे नाही. भार पडताच दाब कोसळणारे अडॅप्टरही असतात आणि ते केवळ दुसरा अडॅप्टर लावूनच उघडे पडतात.

आपला लॅपटॉप टाइप-सीवर चार्ज होणारा असेल, तर ही मोजणी निरुपयोगी आहे. टाइप-सीचा चार्जर समोरच्या उपकरणाशी बोलणी झाल्याखेरीज २० व्होल्ट देतच नाही आणि मोकळ्या पिनेवर बहुधा शून्यच दिसते. मोबाइलचा १८ किंवा २० वॉटचा चार्जर लावून ‘चार्ज होत नाही’ असा निष्कर्षही काढू नये, कारण ६५ वॉट मागणारे अनेक लॅपटॉप त्याची दखलही घेत नाहीत. दोन टाइप-सी पोर्ट असतील, तर दोन्ही तपासा.

जॅककडे टॉर्च घेऊन पाहा. पिन आत घातल्यावर ती वरखाली हलत असेल, भोवतीचे प्लास्टिक तपकिरी झाले असेल किंवा करपल्याचा वास येत असेल, तर जॅक बदलावा लागेल आणि अनेक मॉडेलमध्ये तो वायरसह सुटा मिळतो, बोर्डाला हात लावावा लागत नाही. डेल आणि एचपीच्या गोल पिनेत मध्यभागी एक बारीक सुई असते. तिच्यावाटे अडॅप्टर आपली क्षमता लॅपटॉपला कळवतो. ती वाकली किंवा तुटली, तर लॅपटॉप अडॅप्टरवर चालतो, परंतु बॅटरी चार्ज होत नाही. आपल्या बाबतीत लॅपटॉप मुळीच सुरू होत नसल्याने केवळ ही सुई कारणीभूत असेल, असे मला वाटत नाही.

आता रीसेट. अडॅप्टर काढा, बॅटरी बाहेरून निघणारी असेल तर तीही काढा आणि पॉवर बटण सलग अर्धा ते एक मिनिट दाबून धरा. त्यानंतर फक्त अडॅप्टर लावून सुरू करून पाहा. बोर्डावर वीज सांभाळणारी एक स्वतंत्र चिप असते. दाबाच्या चढउतारात ती अडकून बसते आणि या उपायाने पूर्वपदावर येते. काही लेनोवो लॅपटॉपच्या तळाशी यासाठी एक सुईइतके भोक असते, त्यात पेपर क्लिपचे टोक दाबायचे असते. बॅटरी पूर्ण रिकामी झाली असेल, तर चार्जर लावून अर्धा तास तसेच ठेवावे, कारण अतिशय उतरलेल्या लिथियम बॅटरीला सुरुवातीला फारच कमी प्रवाहाने चार्ज केले जाते आणि तेवढा वेळ काही लॅपटॉप काहीच हालचाल दाखवत नाहीत.

बॅटरीविषयी एक इशारा देणे आवश्यक आहे. टचपॅड वर उचलला गेला असेल, खालचे कव्हर फुगले असेल किंवा लॅपटॉप टेबलावर सपाट बसत नसेल, तर बॅटरी फुगली आहे. तिला दाबू नका, टोचू नका आणि लॅपटॉप चार्जिंगला मुळीच लावू नका. आपल्याकडचा उन्हाळाही येथे विचारात घ्यावा लागतो. लिथियम बॅटरी साधारणपणे ४५ अंशांपर्यंतच चार्ज करायची असते आणि एप्रिल-मे महिन्यांत खोलीतच चाळिशी गाठली जात असेल, तर चार्जिंग मधूनच थांबणे हा बिघाड नसून संरक्षण असते. मागाच्या शेडला लागून ऑफिस असलेल्यांच्या लॅपटॉपमध्ये पंखा आणि त्यापुढची पत्र्यांची जाळी यांच्यामध्ये सुताच्या तंतूंचा थर साचतो; चिमट्याने टोक धरून ओढले, तर त्याची अखंड पट्टी बाहेर येते आणि ती काढल्यावर तापण्याची तक्रार अनेकदा तेथेच संपते. हे सारे चालू लॅपटॉपच्या तक्रारींबाबत झाले. आपल्या लॅपटॉपचे दुखणे वेगळे दिसते.

लॅपटॉप खरोखर बंद आहे की केवळ पडदा काळा आहे, याचीही खात्री करावी. पंख्याचा आवाज येतो का, कॅप्स लॉकचा दिवा लागतो का, हे पाहा. तसे असेल तर एचडीएमआयने टीव्हीला जोडून पाहा. तेव्हा प्रश्न चार्जिंगचा नसून डिस्प्लेचा किंवा रॅमचा असतो.

एवढे करूनही लॅपटॉप निपचित राहिला, तर तो उघडावा लागेल; मात्र तरीही बोर्ड बदलणे हा शेवटचा पर्याय आहे. आधी आतल्या बॅटरीचा कनेक्टर काढून केवळ अडॅप्टरवर लॅपटॉप सुरू होतो का ते पाहिले जाते. झाला, तर बॅटरी दोषी. न झाल्यास आणि शॉर्ट असल्यास, तो शोधण्याची पद्धत अशी: बोर्डाच्या मुख्य लाइनवर मापून एखादा व्होल्ट सोडतात आणि बोर्डावर आयसोप्रोपिल स्पिरिट पसरवतात. शॉर्ट झालेला भाग तापतो आणि त्याच्यावरचे स्पिरिट सर्वांत आधी उडून तेवढीच जागा कोरडी पडते. त्या जागी बहुतेक वेळा तिळाएवढा एक सिरॅमिक कपॅसिटर असतो. तो काढला की कित्येक बोर्ड जिवंत होतात. कधी मॉस्फेट (वीज चालू-बंद करणारा बारीक भाग) किंवा चार्जिंगची आयसी (चिप) बदलावी लागते, तेही बोर्ड बदलण्यापेक्षा बरेच स्वस्त पडते. पाणी किंवा चहा सांडून बोर्ड गंजला असेल, तर मात्र मी स्वतः दुरुस्तीची फारशी हमी देत नाही.

म्हणून नवी पेठेत किंवा अन्यत्र दुकान शोधताना ‘आपल्याकडे बोर्डावर काम होते का, की बोर्ड बदलून मिळतो?’ हा प्रश्न आधी विचारावा. तपासणीचे शुल्क किती, दुरुस्ती न झाल्यास ते लागेल का आणि काढलेला सुटा भाग परत मिळेल का, हेही ठरवून घ्यावे.

आपल्या फाइली मात्र लॅपटॉप सुरू होत नसला तरी बहुधा सुरक्षित आहेत. डिस्क सुटी असेल, तर ती काढून बाहेरच्या केसमध्ये बसवून दुसऱ्या संगणकावर वाचता येते; काही पातळ आणि स्वस्त मॉडेलमध्ये ती बोर्डावरच सोल्डर केलेली असते, तेथे बोर्ड बदलला की माहितीही गेली. विंडोज ११ असलेल्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये डिस्क आपोआप कुलूपबंद झालेली असते आणि बोर्ड बदलल्यावर किंवा डिस्क दुसरीकडे लावल्यावर बिटलॉकरची (विंडोजच्या या डिस्क-कुलपाची) ४८ अंकी रिकव्हरी की विचारली जाते. ही की बहुधा आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते आणि मोबाइलवरूनही पाहता येते. लॅपटॉप दुकानात देण्यापूर्वी ती कागदावर लिहून घ्या.