रोमानियातलं भाषेचं वर्ष आणि त्याआधीचे सहा महिने

प्रश्न : मुलगा बारावी सायन्स झाला आहे. रोमानिया सरकारच्या शिष्यवृत्तीवर त्याला तिथे इंजिनिअरिंग करायचं आहे. पण शिक्षण रोमानियन भाषेत आणि त्याआधी एक वर्ष नुसती भाषा शिकायची, असं कळलं. ते वर्ष वाया जाणार नाही का? इथून काय तयारी करून पाठवू? – एक आई

उत्तर : ताई, वर्ष वाया जाण्याची काळजी सोडा. काळजी करायचीच तर ते अपुरं पडेल याची करा. या वर्षाला तिथे ‘आनुल प्रेगतितोर’, म्हणजे तयारीचं वर्ष म्हणतात. बुखारेस्ट, क्लुझ-नापोका, याश, तिमिश्वारा इथल्या विद्यापीठांत ते चालतं. दोन सत्रांत शून्यापासून निदान ‘बी-वन’ (युरोपीय भाषा-मोजपट्टीवरची मधली) पातळी गाठायची असते, कारण त्याखाली रोमानियन माध्यमाच्या पदवीला प्रवेश मिळत नाही. साधारणपणे आधी रोजची भाषा आणि मग गणित, फिजिक्सची परिभाषा, असा क्रम असतो. वर्ग ऑक्टोबरात सुरू होतात. व्हिसा रखडून मुलगा नोव्हेंबर-डिसेंबरात पोचला, तर तोवर वर्ग वर्तमानकाळ आणि अनेकवचनं उरकून पुढे गेलेला असतो. मागे पडणारी बरीच मुलं इथेच मागे पडतात. म्हणून आतापासून रोज एक तास, सहा महिने अभ्यास करून ‘ए-वन’, म्हणजे त्या मोजपट्टीवरची पहिली पातळी पक्की करूनच त्याला पाठवा.

सुरुवात उच्चारांपासून करा. यात मराठी मुलाला मोठा फायदा आहे. डोक्यावर वाटी असलेला रोमन ‘ए’ म्हणजे आपला ‘अ’. खाली स्वल्पविराम असलेला ‘टी’ म्हणजे चमच्यातला ‘च’, आणि ‘आय’ किंवा ‘ई’च्या आधी आलेला ‘सी’ म्हणजे चहातला ‘च’. आपण दोन्ही एकाच अक्षराने लिहितो, ते वेगळे लिहितात, एवढाच फरक. नवा स्वर एकच, आणि तो देशाच्या नावातच आहे : रोमानियातला ‘मा’ खरं तर ‘मा’ नाही. ओठ मराठी ‘ई’साठी पसरतो तसे ठेवून ‘उ’ म्हणायचा प्रयत्न केला की त्याच्या जवळ जाता येतं. हा स्वर शब्दाच्या सुरुवातीला आणि शेवटी टोपीवाल्या ‘आय’ने लिहितात, मध्ये टोपीवाल्या ‘ए’ने. हा नियम 1993 सालचा आहे. जुन्या पुस्तकाची पीडीएफ हाती आली तर मध्येही ‘आय’ दिसेल, त्याने गोंधळू नये.

एक सवय मात्र पहिल्याच दिवशी मोडा : रोमानियन शब्द देवनागरीत लिहून पाठ करणं. इथे मी तसं लिहितो आहे, पण मुलाच्या वहीत ते नको. बऱ्याच शब्दांच्या शेवटचा ‘आय’ जेमतेम कुजबुजल्यासारखा उच्चारतात आणि अनेकवचन त्याच्यावरच उभं असतं. देवनागरीत तो हरवतो. शब्दातला जोरही लिहून दाखवत नाहीत. ‘कोपी’ म्हणताना जोर शेवटी दिला तर ‘मुलं’, आधी दिला तर ‘नकला’. म्हणून प्रत्येक नवा शब्द ऐकूनच घ्यावा.

व्याकरणात लिंगं तीन आहेत, आपल्यासारखीच. पण त्यांचं नपुंसकलिंग एकवचनात पुल्लिंगासारखं चालतं आणि अनेकवचनात स्त्रीलिंगासारखं. खुर्ची म्हणजे ‘उन स्काउन’, दोन खुर्च्या म्हणजे ‘दोउअ स्काउने’. दोन लेय (तिथलं चलन, पुल्लिंगी) मात्र ‘दोय लेय’. आपल्या दोघे-दोघींसारखंच हे. अनेकवचन करताना मूळ शब्दही बदलतो (सासूच्या सासवा होतात तसा), त्यामुळे वहीत प्रत्येक नाम तीन गोष्टींसह लिहावं : लिंग, अनेकवचन आणि निश्चित रूप. निश्चित रूप म्हणजे इंग्रजी ‘द’चं काम करणारा प्रत्यय, जो इथे शब्दाच्या शेवटी चिकटतो : ‘त्रेन’ म्हणजे गाडी, ‘त्रेनुल’ म्हणजे ती ठराविक गाडी, ‘त्रेनुलुय’ म्हणजे त्या गाडीचा. विभक्तीची सवय असलेल्या मराठी मुलाला हे जड जात नाही, इंग्रजीतून भाषांतर करत बसला तरच अडतो. शंका आली की ‘देक्सऑनलाइन’ या मोफत कोशात शब्दाची सगळी रूपं तक्त्यात मिळतात. आठवड्याला साठ नामं पुरेत, त्याहून जास्त टिकत नाहीत.

परिभाषेची भीती नको. समीकरण म्हणजे ‘एक्वात्सिए’, गणितातलं फल (फंक्शन) म्हणजे ‘फुंक्त्सिए’. इंग्रजी पारिभाषिक शब्द माहीत असले की हे ओळखू येतात. प्राध्यापकांशी, कचेरीत आणि वडीलधाऱ्यांशी बोलताना ‘तु’ नव्हे, ‘दुम्नेआवोआस्त्रअ’, आणि क्रियापद अनेकवचनी.

आता कागदपत्रं. शिष्यवृत्तीत शिक्षणशुल्क माफ असतं, पण विमानाचं तिकीट स्वतःचं, आणि दरमहा मिळणाऱ्या रकमेत सगळा खर्च भागत नाही. वैद्यकीय, दंतवैद्यकीय आणि फार्मसीचे अभ्यासक्रम या शिष्यवृत्तीत येत नाहीत, तुम्हाला तो प्रश्न नाही. मार्कशीट आणि जन्मदाखल्यावर आधी आपल्या परराष्ट्र मंत्रालयाचं अपोस्टिल (कागद खरा असल्याचा, परदेशात चालणारा शिक्का) घ्या, मगच अधिकृत अनुवादकाकडून रोमानियन भाषांतर करा. क्रम उलटला तर अपोस्टिलचा मजकूर भाषांतराबाहेर राहतो आणि दुसऱ्यांदा खर्च होतो. मार्कशीटवर आडनाव आधी आणि पासपोर्टवर शेवटी, शिवाय स्पेलिंग वेगळं, असं असेल तर दुरुस्ती आजच सुरू करा.

दीर्घ मुदतीचा विद्यार्थी व्हिसा 90 दिवसांचा असतो. तो संपण्याच्या किमान 30 दिवस आधी इमिग्रेशन कार्यालयात राहण्याच्या परवान्यासाठी अर्ज करावा लागतो. म्हणजे हातात खरे दोनच महिने. राहण्याचा पुरावाही मागतात. त्यासाठी विद्यापीठाचं वसतिगृह, ‘कमिन’, सोयीचं, कारण दाखला तिथूनच मिळतो. त्या दाखल्याला ‘आदेव्हेरिन्त्सअ’ म्हणतात. हा शब्द मुलाला पहिल्या आठवड्यातच लागेल. आणि खोली देताना रोमानियन जोडीदार मागून घ्यायला सांगा. तयारीच्या वर्षाची परदेशी मुलं एकत्र राहिली की संध्याकाळभर इंग्रजीच बोलतात.