पिंपल्स बसतात, पण काळे डाग महिनोन्महिने राहतात. काय लावू?

रंग सावळा आणि रोज राजारामपुरी ते गोकुळ शिरगाव गाडीवरून उन्हात जाणं, असं तुम्ही लिहिलंय. मग आधी नवे फोड थांबवा. ते येत राहिले तर डागांचं कुठलंच क्रीम पुरं पडत नाही.

रात्री चेहरा धुऊन पूर्ण कोरडा होऊ द्या. मग ॲडापलीन ०.१ टक्के जेल, अख्ख्या चेहऱ्याला मिळून वाटाण्याएवढंच, पातळ लावा. नुसत्या फोडावर ठिपका देऊ नका, हे पुढचे फोड धरू नयेत म्हणून असतं. पहिले दोन आठवडे एक दिवसाआड, वरून मॉइश्चरायझर. जास्त थापलं की कातडी सोलते, आणि सावळ्या त्वचेवर त्या जळजळीचाच नवा डाग उठतो. लिंबू, टूथपेस्टनेही हेच होतं. गरोदरपणात ॲडापलीन नको. अझेलिक ॲसिड चालतं, ते डागांवरही काम करतं.

सकाळी दोन बोटं भरून सनस्क्रीन, एसपीएफ ३० किंवा जास्त. आयर्न ऑक्साइडवालं टिंटेड, म्हणजे हलक्या रंगाचं, मिळालं तर उत्तम, कारण डाग नुसत्या उजेडानेही गडद होतात आणि ते उजेडही अडवतं.

मेडिकलमधून कुणी ‘गोरं करणारी’ ट्यूब दिली तर मागची बाजू वाचा. बेटामेथासोन, मोमेटासोन, क्लोबेटासोल या स्टेरॉइडपैकी काही दिसलं तर कृपा करून घेऊ नका. आठवडाभर चेहरा उजळतो, बंद केलं की दुप्पट उसळतो.

फोडांना ८ ते १२ आठवडे द्या, डागांना ३ ते ६ महिने, कधी त्याहून जास्त. दुखऱ्या गाठी किंवा खड्डे पडत असतील तर न थांबता त्वचारोगतज्ज्ञ गाठा. कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी दवाखान्यातही दाखवता येतं.